बेबी बोटॉक्स केलंय का कुणी? चेहरा मेणाचा नकोय

रानजाई:
वय ४३, ठाणे. माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या कायमच्या मुक्कामाला आल्यात. मी नुसती लॅपटॉपकडे बघत असले तरी टीममधली पोरं विचारतात मॅडम काही चुकलं का, आणि घरी लेक तर सरळ म्हणतो आई तू सारखी चिडलेली का असतेस, अरे मी भाजीचा विचार करत होते! डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. मैत्रीण म्हणाली बेबी बोटॉक्स कर, कमी डोस देतात, कुणाला कळतही नाही. नवरा म्हणतो लग्न तिचं आहे ना? त्याला सोडा. मला तरुण वगैरे दिसायचं नाहीये, फक्त रागीट दिसायचं नाहीये. हसले तर हसल्यासारखं दिसलं पाहिजे. कुणी केलं असेल तर किती युनिट, किती दिवस टिकलं, किती पैसे, सगळं सांगा प्लीज.

निंबोणी:
मी तीनदा केलंय, पुण्यात. कपाळाला ८ युनिट, मधे १२, डोळ्यांच्या कडेला ४-४. नेहमीचा डोस म्हणजे कपाळ २०, मधे २०, दोन्ही कडा मिळून २४, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहूनच दाखवलं होतं. इन्शुलिनच्या सुईसारखी बारीक सुई, दहा मिनिटांत मोकळी झाले. चौथ्या दिवशी जरा जाणवायला लागलं आणि पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी. भुवया वर जातात, हसताना कडेला थोड्या सुरकुत्या पडतात, फक्त पूर्वीसारखी घडी पडत नाही. नवऱ्याला अजून पत्ता नाही, त्याला वाटतंय मी झोप पूर्ण करायला लागले 😄 पण कमी डोस म्हणजे टिकतंही कमी हां, मला जेमतेम अडीच महिने. पूर्ण डोसवाल्यांचं तीन-चार महिने जातं. मला युनिटला ३५० पडले.

चहाबाज:
आठ्याच गेल्या तर सासूबाईंना उत्तर कसं देणार ताई, तोंडाने? 😂

गुळवेल:
मी स्किनचीच डॉक्टर आहे म्हणून थोडं लांबलचक लिहिते. बेबी बोटॉक्स नावाचं वेगळं औषध नसतं, कुपी तीच, फक्त डोस कमी. हे औषध नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, त्यामुळे स्नायू आकसत नाही आणि वरच्या कातडीला घडी पडत नाही. फिलर वेगळं, तिथे काहीतरी भरतात, इथे भरत काही नाही.

आता मुद्दा. कमी डोस म्हणजे आपोआप नॅचरल, हा गैरसमज आहे. कपाळाला कमी दिलेलं चालतं, उलट बरंच, कारण भुवया वर उचलणारा स्नायू तो एकच, तो पार झोपवला की भुवया खाली येतात आणि माणूस पेंगुळलेला दिसतो. चाळिशीनंतर पापण्या थोड्या जड झालेल्या असल्या तर जास्तच, कारण ती बाई नकळत कपाळ ताणूनच डोळे उघडे ठेवत असते. पण भुवयांच्या मधले स्नायू दणकट असतात, तिथे फार कंजुषी केली तर महिन्या-दीड महिन्यात आठ्या परत आणि पैसे पाण्यात. रानजाई, तुमची तक्रार नेमकी तिथलीच आहे, तेव्हा 'सगळीकडे थोडं थोडं' असं पॅकेज कुणी देत असेल तर घेऊ नका.

आणि चेहरा शांत असतानाही दिसणारी खोल रेघ पहिल्या खेपेला पूर्ण जात नाही, फिकी होते.

गंमत म्हणजे हा सगळा धंदा तुमच्यासारख्याच एका बाईमुळे सुरू झाला. १९८७ च्या सुमाराला कॅनडात व्हँकुव्हरला जीन करूथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर पापण्या फडफडण्याच्या आजारावर हे इंजेक्शन द्यायच्या, तर एक पेशंट रुसली की आज भुवयांच्या मधे का नाही दिलं, तिथे दिलं की माझा चेहरा निवांत दिसतो. डॉक्टरीणबाईंचा नवरा स्किनचा डॉक्टर, दोघांनी मिळून पुढे अभ्यास केला आणि अमेरिकेत २००२ साली नेमक्या याच आठ्यांसाठी मंजुरी मिळाली.

प्रेग्नन्सी, बाळाला अंगावर पाजणं किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल तर करायचं नाही. आणि ब्रँड विचारा, कारण बोटॉक्सचं एक युनिट आणि डिस्पोर्टचं एक युनिट सारखं नसतं, नुसत्या आकड्यांची तुलना करू नका.

सातारी_मिरची:
माझं ऐका, मी ऑफरमध्ये केलं होतं. नाव नाही घेत. कन्सल्टेशनला डॉक्टर होते, इंजेक्शनच्या दिवशी भलतीच मुलगी आली, किती युनिट म्हटलं तर म्हणे मॅम एरियाचा रेट असतो. कुपीही दाखवली नाही. दहाव्या दिवशी डावी भुवई टोकाला अशी वर गेली की मी सतत कुणावर तरी संशय घेतेय असं वाटायचं, बहिणीने तर मला इन्स्पेक्टर म्हणायला सुरुवात केली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी त्या बाजूला दोन युनिट देऊन ती खाली आणली, पाच मिनिटांचं काम. पण ते दहा-बारा दिवस घराबाहेर पडायची लाज वाटत होती. औषध काढून घेता येत नाही हे लक्षात ठेवा, उतरेपर्यंत वाटच बघायची. तेव्हा लग्नाच्या आठवडाभर आधी तर अजिबात नको, निदान दीड महिना हातात ठेव.

भटक्या_नाशिक:
इथे पुरुष मी एकटाच दिसतोय. मी मायग्रेनसाठी घेतो, न्यूरोलॉजिस्टकडे, दर १२ आठवड्यांनी १५५ युनिट, ३१ टोचे, कपाळ, कानशील, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे. म्हणजे बोटॉक्स मुळात जंतूचं विष आहे म्हणून भीती वाटत असेल तर तुमचे वीसएक युनिट म्हणजे काहीच नाही. पहिल्या खेपेला मात्र कपाळ असं जड वाटलं जसं कुणी ओला टॉवेल ठेवलाय, दोन-तीन आठवड्यांनी गेलं. डोकेदुखी कमी झाली, आणि ऑफिसात लोक विचारतात सुट्टीवर गेला होतास का. इंजेक्शननंतर चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, त्या दिवशी जिम नाही. आणि हो, डोक्याला तेलमालीश नाही, आमची आई तेलाची वाटी घेऊन मागेच लागली होती.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार, काल करून आले! आधी दोन ठिकाणी विचारलं, एका ठिकाणी युनिट सांगेचनात म्हणून उठून आले (मिरची, तुझ्यामुळे). दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हातच लावला नाही, म्हणाल्या तुमच्या पापण्या बघता आत्ता नको, फक्त मधे १६ युनिट, कुपी समोर फोडली. टोचायच्या आधी म्हणाल्या आता जोरात रागावून दाखवा, आणि इतकी वर्षं न मागता आठ्या घालणारी मी, नेमकं तेव्हाच मला हसू फुटलं, तीनदा प्रयत्न करावा लागला. शेवटी नवऱ्याने सोफ्यावर टाकलेला ओला टॉवेल आठवला तेव्हा जमलं. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय.