ऑरेंज इज द न्यू ब्लॅक: शेवटचा सीझन बघून तुमचं काय झालं?

गवतीचहा:
काल दहावीचा निकाल लागला. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंनी यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून (म्हणजे बाहेरून) परीक्षा दिली होती, वय ४१. सकाळपासून कणीक मळता मळता एकच, बघूच नका हो, गणित गेलंय माझं. एक वाजता बैठक क्रमांक टाकला, त्यांच्या आईचं नाव टाकलं (आई नाहीये आता), साइट दोनदा बंद पडली आणि मग आलं, उत्तीर्ण. गणितात ३८. ताई ओट्याला टेकून खालीच बसल्या, रडल्या, मी पण रडले आणि मला एकदम पेनसाटकी आठवली, ऑरेंज इज द न्यू ब्लॅक या बायकांच्या तुरुंगावरच्या सिरीयलमधली कैदी, खरं नाव टिफनी.

ज्यांनी बघितलंय त्यांना कळलंच असेल. जुलै २०१९ मध्ये सातवा सीझन आला तेव्हा मी रात्री जागून बघितला होता. पहिल्या सीझनमध्ये जिचा राग राग केला ती ही बाई, तिला वाचताना अडचण आहे हे इतक्या वर्षांत कुणी ओळखलंच नाही, टेस्टी, तिच्यासोबतची कैदी, तिला शिकवते, ती जीईडीला बसते (आपल्याकडे बाहेरून बारावी देतात तसं), आणि जादा वेळेचा अर्ज तो तुरुंगातला कर्मचारी लुशेक करतच नाही. आपण नापासच असं धरून ती ड्रग घेते आणि त्यातच मरते. आणि नंतर कागद येतो, पास. मी टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. नवऱ्याला सांगताही येईना काय झालं ते.

तुमचं काय झालं शेवटचा सीझन बघून, लिहा ना. स्पॉयलर चालतील, इतकी वर्षं झाली.

मोगरा_७७:
आधी ताईंचं अभिनंदन!!! ३८ म्हणजे सोनं आहे सोनं

रातराणी:
पेनसाटकीपेक्षा मला रेड. कुणी रेडबद्दल बोलतच नाही. अख्खं किचन जिच्या तालावर चालायचं ती बाई साध्या साध्या गोष्टी विसरायला लागते आणि तिला आईसारखं मानणाऱ्या निकीला ते सगळ्यात आधी कळतं. माझ्या आजीचं असंच झालं, ४० माणसांचा स्वयंपाक एकटी करायची, आणि एक दिवस आमटीत मीठ तीनदा घातलं, आम्ही सगळे गप्प जेवलो कारण तिला कोण सांगणार, मग आईने हळूहळू डबे आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली, आधी मिठाचा मग मसाल्याचा, आजीला कळत होतं, ती काही बोलली नाही. निकी शेवटी रेडच्या जागी उभी राहते ना, लिपस्टिक लावून, तेव्हा मला आई दिसली. पुन्हा नाही बघू शकले तो भाग.

मोगरा_७७:
@रातराणी 🫂

सातारकर:
ही ऑस्ट्रेलियातली सिरीयल का? बायको बघायची, जेलची होती.

गवतीचहा:
नाही हो, ती वेंटवर्थ. तिचे १०० भाग आहेत, २०२१ ला संपली. ही अमेरिकेतली, ९१ भाग.

सातारकर:
बरोबर, वेंटवर्थच. तीपण रडली होती शेवटी. विचारतो तिला.

जर्सीकर:
मी इकडे न्यू जर्सीत, तेव्हा एच वनवर (नोकरीच्या व्हिसावर) होते. मारित्झाला देशाबाहेर पाठवतात (डिपोर्ट) तो सीन, विमानात एकेक जण सीटवरून नाहीसा होत जातो. नुसता नाहीसा. मी त्या रात्री उठून सगळ्यांचे पासपोर्ट कुठे आहेत ते बघून आले, खरंच. मारित्झाचं काम करणाऱ्या डायान गरेरोचे स्वतःचे आईवडील ती १४ वर्षांची असताना कोलंबियाला पाठवले गेले होते, ती शाळेतून घरी आली तर घर रिकामं. त्या सीझनमध्ये डिटेन्शनमधल्या (डिपोर्ट करण्याआधी ठेवतात त्या कोठडीतल्या) बायकांना जो हॉटलाइन नंबर मिळतो तो एका संस्थेचा खराखुरा नंबर होता आणि सिरीयल आल्यावर दोनेक आठवड्यांत तो डिटेन्शन सेंटरमधून लागेनासा केला. म्हणजे सिरीयलमध्ये दाखवलं तेच बाहेर झालं.

पाऊलवाट:
लुशेकला एवढं वाईट नका म्हणू, शेवटी ग्लोरियाच्या (तीही कैदी) चोरून ठेवलेल्या फोनचं त्यानेच अंगावर घेतलं. तो नसता तर ती मुलांकडे गेलीच नसती.

गवतीचहा:
पण अर्ज त्यानेच नाही केला ना! एक कागद! ग्लोरियासाठी केलं ते चांगलंच, पण टिफनी परत नाही आली. मी त्याला माफ नाही करणार.

पाऊलवाट:
ते आहेच 😔

कोरांटी:
मी दोन वर्षं एका महिला कारागृहातल्या बालवाडीत जायचे शिकवायला. आपल्याकडे आईसोबत मूल सहा वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं, मग बाहेर, नातेवाईक असले तर त्यांच्याकडे नाहीतर संस्थेत. सहावा वाढदिवस जवळ आला की ती आई बोलायचीच बंद व्हायची. एका मुलाला म्हटलं घर काढ, त्याने दाराला कुलूप काढलं, बाहेरून. त्यामुळे मला ही सिरीयल बाकीच्यांसारखी नाही बघता आली. लॉर्नाचं बाळ गेल्यावर ती सगळ्यांना फोटो दाखवत राहते तिथे मी सोडून दिली, शेवटचे भाग सहा महिन्यांनी बघितले.

बाभूळगाव:
पाचवा सीझन, दंगलीचा, जून २०१७ मध्ये आला आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या महिला तुरुंगात मारहाणीनंतर एक कैदी बाई गेली, बाकीच्या बायका छतावर चढल्या होत्या, बातम्यांत दाखवत होते. मी पुसेचं (आधीच्या सीझनमध्ये गार्डच्या हातून मेलेली टेस्टीची मैत्रीण) दुःख करत बसले होते आणि इथे लोकलने अर्ध्या तासावर तेच चाललेलं. शेवटच्या सीझनमध्ये टेस्टी न केलेल्या खुनासाठी जन्मठेप भोगतेय आणि ती सुटतच नाही. मला वाटत होतं शेवटच्या भागात तरी वकील काहीतरी करेल. खूप राग आला होता लिहिणाऱ्यांचा. आता वाटतं सोडवलं असतं तर ते खोटं झालं असतं.

रातराणी:
सुटायला हवी होती. खोटं तर खोटं.

मोगरा_७७:
+१ सुटायलाच हवी होती

जर्सीकर:
पण पुसेच्या नावाचा फंड काढते ना ती, सुटून जाणाऱ्या बायकांना छोटी कर्जं. तो फंड खऱ्या आयुष्यातही सुरू केला होता सिरीयलवाल्यांनी. आणि पेनसाटकीचा रिझल्ट बघूनच तर ती जीव द्यायची थांबते.

मोगरा_७७:
सुझान आणि तिच्या कोंबड्या कुणाला आठवतात का, सुझानचं काम करणाऱ्या ऊझो अडूबाला एकाच रोलसाठी कॉमेडी आणि ड्रामा दोन्हींत एमी मिळालंय. कुकर झाला, येते परत

सातारकर:
विचारलं बायकोला. म्हणाली वेंटवर्थबद्दल दुसरा धागा काढा, तिला खूप लिहायचंय.

गवतीचहा:
काढा की, वहिनींना सांगा मी वाट बघतेय. ताई आत्ताच आल्या, पेढे घेऊन. त्यांना टिफनीची गोष्ट सांगितली. पोळपाट धुता धुता म्हणाल्या, तिच्यासोबत कुणी बसलं नव्हतं का हो रिझल्ट बघायला?

कोरांटी:
🙏 अकरावीचं काय म्हणतायत ताई? आमच्याकडे रात्रशाळेची माहिती आहे, व्यनि (खाजगी निरोप) करते.

गवतीचहा:
कर ना प्लीज, संध्याकाळी सहानंतर जमेल म्हणतायत.