उत्तर: ई-पेपरवर जुन्या आकड्यांची सावली

ई-पेपरच्या (किंडलसारख्या, कागदी दिसणाऱ्या पडद्याच्या) घड्याळावर जुन्या आकड्यांची सावली राहते, पॅनल म्हणजे पडदाच बदलू का, असं विचारलंत. घाई नको. घड्याळावर जुने आकडे पुसट दिसतात, कारण तुम्ही दिवसभर नुसतं पार्शल रिफ्रेश (बदललेला भाग तेवढा नव्याने काढणं) मारताय. पडद्यात काळे-पांढरे कण द्रवात असतात, साधारण १५ व्होल्टच्या उलटसुलट धक्क्यांनी वरखाली होतात. अर्धवट सरकलेले कण म्हणजेच ती सावली. अधूनमधून फुल रिफ्रेश (अख्खा पडदा पुसून पुन्हा काढणं) द्या. लुकलुकेल, लुकलुकू दे.

आणि थंडी! माझा डिस्प्ले नाशिकला, गंगापूर रोडवर, गॅलरीत. जानेवारीत पहाटे ७ च्या मागे ८ बसलेला. गारठ्यात द्रव दाटतो, धक्का जास्त वेळ द्यावा लागतो. तापमान बघून वेव्हफॉर्म (धक्क्यांचा ठरलेला क्रम) निवडायची सोय कंट्रोलरमध्ये (पडदा चालवणाऱ्या चिपमध्ये) होती, मीच शहाणपणा करून २५ अंश ठोकून ठेवले होते.

नेटवरचा ‘फास्ट’ वेव्हफॉर्म टाकलात तर धन-ऋण धक्के समतोल आहेत ना बघा, नाहीतर पॅनल खरंच जाईल.