तीन टाक्या, एक संप: घरच्या रीफचं प्लंबिंग तपासून द्या

जयगड_रीफ विचारतात:

रत्नागिरीत तळमजल्यावर, शहाबादी फरशीच्या खोलीत रीफ (कोरलची खाऱ्या पाण्याची टाकी) बसवायचा आहे. मांडणी अशी: मुख्य टाकी १२०×६०×६० सेंमी, शेजारी थोड्या खालच्या पातळीवर फ्रॅगसाठी (कोरलचे वाढवायचे तुकडे) ९०×६०×३० ची उथळ टाकी, आणि नवीन मासे आधी वेगळे ठेवायला ६० सेंमीची क्वारंटाइन. तिन्हींखाली एकच संप (फिल्टर आणि पंपाची खालची टाकी), १२०×४५×४५. रिटर्न पंपाचं पाणी मुख्य टाकीत, तिथून फ्रॅगमध्ये, फ्रॅगमधून संपमध्ये. पाइप वाचतो म्हणून असं. क्वारंटाइनला वेगळी फांदी.

पाइप कोणत्या मापाचे घ्यावेत? लाइट गेली तर संप सगळं पाणी झेलेल का? चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्यायलाच हवा की पंख्यावर भागेल? पाणी विहिरीचं आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९० च्या आसपास. थोडे दगड आणि समुद्राचं पाणी मालवणहून आणावं असंही डोक्यात आहे.

संपवाला:

क्वारंटाइन आधी या जाळ्यातून बाहेर काढा. एका संपावर आली की ती क्वारंटाइन राहतच नाही, क्रिप्टोकॅरिऑनचे (माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) पोहणारे जंतू पाण्याबरोबर तिन्ही टाक्यांत फिरतात. शिवाय तांब्याचं औषध तिथे वापरता येणार नाही, कारण तेच पाणी कोरलला जाणार. स्पंज फिल्टर, हीटर, स्वतःची जाळी आणि स्वतःची बादली एवढ्यावर ती वेगळी चालते.

आता लाइट गेली की काय होतं ते मोजू. पंप थांबला की दोन्ही टाक्या ओव्हरफ्लोच्या (पाणी जिथून सांडून ड्रेनमध्ये जातं ती पेटी) दातांपर्यंत उतरतात, साधारण २.५ सेंमी. मुख्य टाकीचं क्षेत्रफळ ७२०० चौ. सेंमी, म्हणजे १८ लिटर. फ्रॅगचं ५४००, म्हणजे १३.५ लिटर. ओव्हरफ्लो पेट्या आणि पाइपांतलं १२ धरा. एकूण ४३-४४ लिटर. तुमच्या संपात १ सेंमी म्हणजे ५.४ लिटर, म्हणजे पातळी ८ सेंमी चढेल. चालू असताना २५ वर ठेवली तर ३३ वर थांबेल. इथवर ठीक.

पण रिटर्नचं (पंपाचं पाणी टाकीत सोडणारा पाइप) तोंड पाण्याखाली १० सेंमी ठेवलंत, तर सायफन उलटा लागून टाक्या १० सेंमी उतरतात. ७२ अधिक ५४ अधिक १२, म्हणजे १३८ लिटर, आणि संपात तब्बल २५ सेंमीची चढ. ४५ चा संप भरून सुमारे ३० लिटर पाणी फरशीवर. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या दोन सेंमीच्या आतच ठेवा. काचा चिकटवायच्या आधी कोऱ्या कागदावर हा हिशेब करा, नंतर संपाची उंची वाढवता येत नाही.

टाकीतून टाकीत पाणी उतरवण्याची कल्पना सोडा. फ्रॅगचा ड्रेन शेवाळाने तुंबला तर मुख्य टाकीचाही सगळा प्रवाह तिथेच सांडणार, आणि फ्रॅग धुवायची म्हटलं की मुख्य टाकी बंद. प्रत्येक टाकीचा ड्रेन थेट संपात उतरवा. वाचलेल्या तीन मीटर पाइपाची किंमत ती काय!

एका पंपावर दोन टाक्या म्हटलं की एक त्रास ठरलेला: फ्रॅगच्या नोझलमध्ये गोगलगाय अडकली की तिथला प्रवाह घटतो आणि तेवढाच मुख्य टाकीत वाढतो. मग ड्रेनच्या गेट व्हॉल्व्हने जुळवलेला सायफन (हवेशिवाय पूर्ण भरून वाहणारा ड्रेन) बिघडतो. दोन पाइपांच्या हर्बीत (एक सायफन, एक आपत्कालीन अशी ड्रेनची पद्धत) ते जास्तीचं पाणी थेट आपत्कालीन पाइपात जातं. त्यामुळे इथे तीन पाइपांचं बीन ॲनिमल घ्या: एक पूर्ण सायफन, दुसरा चढउतार पचवणारा अर्धा भरलेला, तिसरा कोरडा. सायफनचं खालचं तोंड संपाच्या पाण्यात २-३ सेंमीच बुडवा. जास्त बुडवलंत तर लाइट परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही, सायफन लागत नाही आणि वरची टाकी भरत राहते.

सावंतवाडी_लॅगून:

पाइपाबद्दल. सायफन आणि बाकीचे ड्रेन ३२ मिमी, रिटर्नची मुख्य लाइन ३२, फांद्या २५. संपातून मुख्य टाकीला ताशी १७००, फ्रॅगला ८००, रिॲक्टर-यूव्हीसाठी (पाणी साफ ठेवणारी जोड उपकरणं) ५०० धरा, म्हणजे ३००० लिटर. टाकीतला खरा प्रवाह वेव्हमेकर (टाकीत पाणी ढवळणारे छोटे पंप) देतात, रिटर्नवर जोर काढू नका. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. १.८ मीटर उंची अधिक एल्बोंचं घर्षण धरून पंपाच्या वक्रात (कोणत्या उंचीला किती पाणी, तो आलेख) ३५०० दिसेल असा पंप घ्या.

हार्डवेअरच्या दुकानात तीन मापं एकाच फळीवर असतात. मेट्रिक ३२ मिमी पाइपाचा बाहेरचा व्यास ३२, एएसटीएमच्या (इंची मापाची पद्धत) १ इंचीचा ३३.४, आणि सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याचा पाइप) १ इंचीचा २८.६. दुकानदार "एकच ते" म्हणून देईल. सॉल्व्हेंट लावून ठोकून बसवलं तर आज गळणार नाही, महिन्याने गळेल. एक पद्धत ठरवा आणि टँक कनेक्टरसकट (काचेच्या भोकात बसणारा जोड) सगळं त्याच मापात घ्या.

कनेक्टरचं रबरी वॉशर रुंद कडेच्या बाजूला, पाण्याकडून. हाताने आवळून वर पाव फेरा, बस. सिलिकॉन लावू नका, नंतर सुटत नाही. भोक काचेच्या कडेपासून किमान भोकाच्या व्यासाइतकं आत हवं, आणि तळाची काच टफन्ड असेल तर भोक पाडताच ती फुटते, आधी विचारून घ्या.

पितळ. नळाच्या कामाची सवय असलेला माणूस आट्यांच्या जोडाला पितळी आटे असलेलीच फिटिंग आणतो. त्यातलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतात. धागा आणि सफेदाही नको, टेफ्लॉन टेप पुरे. आमच्याकडच्या भाषेत: प्लंबराक पितळ लावूक देव नका.

पंपाच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक व्हॉल्व्हजवळ युनियन (हाताने उघडता येणारा जोड) लावा, नाहीतर पंप काढायला करवत लागते. सॉल्व्हेंट २४ तास वाळू द्या, मग गोड्या पाण्यावर दोन दिवस चालवा. खारं पाणी त्यानंतर.

वेंगुर्ला_खारं:

मालवणचे दगड नकोत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, आणि कठीण कोरल, सी-फॅन, ऑर्गन पाइप कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दगडाला चिकटून आलेला तुकडाही महागात पडेल. कोरडा रीफ दगड घ्या.

किनाऱ्यावरचं पाणी पावसाळ्यात खाडीच्या गोड्या पाण्याने पातळ आणि गढूळ होतं. त्यापेक्षा आरओ-डीआयवर (मेंब्रेन आणि रेझिनमधून क्षार काढलेलं पाणी) मिठाचं मिश्रण बरं. दगड वजा जाता तुमचं पाणी ६५० लिटर धरा. लिटरला ३७ ग्रॅम म्हणजे पहिल्या भरणीला २४ किलो मीठ. टीडीएस ९० कमी वाटला तरी जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं, म्हणून सेडिमेंट आणि कार्बन आधी, मग मेंब्रेन, शेवटी डीआय. मीटर शून्य दाखवतोय तोवरच ते पाणी वापरा.

पंखा पाणी उडवून गारवा आणतो. मे-जूनच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, तिथे पंखा नुसता आवाजच जास्त करतो. अर्धा एचपीचा चिलर घ्या, आणि तो स्टँडच्या कपाटात कोंडू नका: स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. कंडेन्सरच्या पात्या खाऱ्या हवेत कुजतात, संपाच्या तोंडापासून दूर ठेवा. लोखंडी स्टँडवर नुसता रंग पुरत नाही, गॅल्व्हनाइज्ड घ्या.

वीज: इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकरच टाका, रिटर्न आणि चिलर नको. प्राणवायूसाठी पाण्याचा पृष्ठभाग हलत राहिला की पुरतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि प्रत्येक वायरला थेंब गळायला खाली वळसा, यात सूट नाही.

जयगड_रीफ:

क्वारंटाइन वेगळी केली, ड्रेनही वेगवेगळे. रिटर्नवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला तर नोझल खाली ठेवता येईल ना? आणि ऑटो टॉप-ऑफचा (उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी आपोआप भरणारा) डबा ६० लिटरचा चालेल का?

संपवाला:

नाही. व्हॉल्व्हच्या झडपेवर चुना आणि स्पंज चढतात, ती अर्धी उघडी राहते आणि हे कळतं ते लाइट गेल्यावरच. लावायचा तर लावा, पण तो नाही असं धरून हिशेब करा. सायफन तोडायला नोझलला पाण्यालगत भोक पाडलंत तर तेही शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला ब्रश फिरवा.

डबा २५ लिटरचाच. फ्लोट अडकून सगळा उपसला गेला तर क्षारता हजारी ३५ वरून ३३.७ पर्यंत उतरते, तेवढं सोसवतं. ६० लिटरला ती ३२ वर येते, आणि वीज गेल्यावर उतरणाऱ्या पाण्यासाठी संपात राखलेली जागाही निम्म्याहून जास्त भरून जाते.