केल्टिक आणि जुनं अमेरिकन लोकसंगीत : लाइव्ह संध्याकाळ आखायची आहे, सल्ला हवा

झुळूक :
सेंट पॅट्रिक डेच्या (१७ मार्च) आठवड्यात बॉस्टनजवळच्या आमच्या गावातल्या लायब्ररीत कार्यक्रम आहे. ८० खुर्च्या, खाली कार्पेट, छत बुटकं. फिडल (व्हायोलिनच), टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) + इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप; दोन्हींना एकच वादक), बौरान (आयरिश डफ), गिटार, पाच तारांचा बँजो, आणि एक गायिका, ती डल्सिमरही (मांडीवर धरायचं तंतुवाद्य) वाजवते. पूर्वार्ध आयरिश-स्कॉटिश, उत्तरार्ध ॲपलाशियन (पूर्व अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला), प्रत्येकी ४५ मिनिटं. वादक तयारीचे आहेत. क्रम, माइक आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय.

खर्जातला :
आधी क्रम, मग माइक. असे कार्यक्रम पडतात ते दोन धुनांच्या मधे खुंट्या पिळण्यात, आणि त्यातही तुमचा उत्तरार्ध जास्त धोक्याचा.

बँजोवाला 'ए' पट्टीसाठी तारा (पाचवीपासून पहिलीपर्यंत) जी-डी-जी-बी-डी स्वरांत लावून दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावेल, आखूड पाचवी तार 'ए'ला चढवेल. 'डी'साठी त्याला जी-सी-जी-सी-डी हवं, म्हणजे चौथी तार एक स्वर खाली, दुसरी अर्धा स्वर वर. कॅपो तसाच राहतो. फिडलवाला जुन्या पद्धतीचा असेल तर 'ए'साठी ए-ई-ए-ई लावणार, म्हणजे खर्जाकडच्या दोन्ही तारा एकेक स्वर चढवायच्या. ताण वाढला की वरच्या दोन उतरतात, त्या सारख्या करेपर्यंत खालच्या पुन्हा हलतात. लोक मोबाइल काढतात ते इथेच.

म्हणून उत्तरार्धाची सुरुवात थेट 'ए'पासून. फिडल मध्यंतरातच लावून घ्यायचं. 'ए'च्या सगळ्या धुना सलग. मग गायिकेचं बिनसाथीचं बॅलड (कथागीत), आणि तेवढ्यात या दोघांनी बाजूच्या खोलीत जाऊन वाद्यं लावून यायचं. आता 'डी'. इथे फिडलची एकच तार हलते (ए-डी-ए-ई). पुन्हा 'ए'कडे वळायचं नाही. ओल्ड-टाइमवाले (हे जुनं अमेरिकन लोकसंगीत वाजवणारे) आपापसात बसतात तेव्हाही तासन्‌तास एकाच पट्टीत राहतात, ते याच कारणाने.

पूर्वार्ध सोपा. 'डी'ची व्हिसल 'डी' आणि 'जी' दोन्हीत सहज चालते, फिडल नेहमीच्या जी-डी-ए-ईमध्येच.

वेळेचा हिशोब : रीलमध्ये (जलद नाचाची धुन) आठ-आठ बारचे (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) दोन भाग, प्रत्येक दोनदा, म्हणजे ३२ बार. मिनिटाला ११२ ठोक्यांच्या चालीत, बारला दोन ठोके धरून, एक फेरी ३४ सेकंदांची. तीन धुना प्रत्येकी तीनदा म्हणजे पाच मिनिटांचा एक सेट. ४५ मिनिटांत सहा सेट आणि तीन गाणी बसतात. सातवा सेट कोंबलात तर निवेदन मरेल. (काहींना तेही चालेल म्हणा.)

पितळी_डबा :
+१. माइकबद्दल : ८० माणसं आणि कार्पेट असेल तर फिडल, पाइप्स, बँजो यांना माइक देऊच नका. आवाज हवा तो गायिकेला आणि डल्सिमरला. मांडीवर धरलेलं डल्सिमर तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. पातळ लाकडी टेबलावर ठेवलं तर टेबलही घुमतं, मग माइकचा आवाज कमी ठेवला तरी भागतं.

खर्जातला :
थोडा असहमत. व्हिसलच्या शेजारी गिटार दबते. मधोमध एकच कंडेन्सर माइक (लांबचा आवाजही टिपणारा) ठेवा, सगळे अर्धवर्तुळात, ज्याची पाळी तो पुढे सरकेल. पण मग समोर मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) नको, नाहीतर माइकची शिट्टी (फीडबॅक) वाजलीच म्हणून समजा. आणि बौरान सगळ्यात मागे.

झुळूक :
हॉलमध्ये हीटर असतो. बौरान आणि पाइप्सना त्रास होईल का?

पितळी_डबा :
होईल. बौरान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेला डफच. कोरड्या हवेत कातडं आवळतं, सूर चढतो, 'टण्‌' असा पत्र्यासारखा वाजतो. आतल्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारायचा, तळहाताने पसरवायचा, पाच मिनिटं थांबायचं. जास्त मारलात तर उलट ढिला पडतो, मग बसा वाट बघत. कडेला स्क्रू असलेला असेल तर फवाऱ्याआधी ते सैल करा.

पाइप्सना तोंडाने हवा जात नाही, कोपराखालच्या भात्याने जाते. त्यामुळे आतल्या पात्यांना (त्यांच्या कंपनाने स्वर निघतो) श्वासाची ओल मिळत नाही, खोलीची हवा कोरडी असेल तर ती वळतात आणि स्वर चिरकतो. वादकाला हीटरच्या झोतापासून लांब बसवा, अर्धा तास आधी वाजवायला द्या. हॉलमध्ये ४५-५० टक्के आर्द्रता असेल तर फिडल-गिटारही खूश. दुपारपासून ह्युमिडिफायर लावा.

तिहाई :
निवेदनासाठी तीन गोष्टी. एक, 'केल्टिक' म्हणा. 'सेल्टिक' हा तुमच्या बॉस्टनचा बास्केटबॉल संघ. दोन, 'बँजो आयरिश लोकांनी आणला' हे वाक्य कुणी लिहून दिलं तर खोडा. त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या वाद्यांत आहे, अमेरिकेत तो गुलाम करून आणलेल्या लोकांनी घडवला. आयरिश मंडळी वाजवतात तो चार तारांचा टेनर बँजो, नखीने. तीन, दोन्ही अर्ध जोडायचे असतील तर 'बार्बरा ॲलन' दोनदा गाऊन घ्या, आधी स्कॉटिश चाल, मग ॲपलाशियन. लंडनच्या सॅम्युअल पीप्सच्या डायरीत १६६६ साली त्या गाण्याचा उल्लेख आहे, आणि लोकगीतं गोळा करणारे इंग्रज सेसिल शार्प व मॉड कार्पेलीस यांनी १९१६-१८ मध्ये ॲपलाशियन डोंगरात त्याची कितीतरी रूपं टिपली. एवढं दोन वाक्यांत सांगा आणि बाजूला व्हा.

टाळ्यांचं म्हणाल तर, जिग (हीही नाचाची धुन) हा आपल्या दादऱ्यासारखा ३+३. टाळी १ आणि ४वर, बारला दोनच. सहाही मात्रांवर टाळ्या सुरू झाल्या की लय पळते आणि फिडलवाला बिचारा मागे धावतो. स्लिप जिग नऊ मात्रांचा, तिथे टाळ्या मागूच नका.

पितळी_डबा :
एक राहिलं. खुर्च्या बिनहाताच्या हव्यात, निदान चार. हाताच्या खुर्चीत भात्याचा कोपर अडकतो, बँजोची मान आपटते, आणि पाइप्सची नळी मांडीवर टेकवून बंद करायची असते ती बसत नाही.

झुळूक :
सगळ्यांचे आभार. लायब्ररीतल्या सगळ्या खुर्च्या हातांच्याच आहेत. बिनहाताच्या चार कुणाकडून तरी मागून आणते.