हिशेब न ठेवता प्रेम करायला गेलात तेव्हा काय झालं?

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13वा अध्याय, प्रीतीवरचा, ख्रिस्ती लग्नात हमखास वाचतात. प्रेषित पौलाने तो लिहिला मात्र करिंथातल्या, आपसात भांडणाऱ्या ख्रिस्ती मंडळीला. प्रीती 'अपकार स्मरत नाही' हे मला त्यात सगळ्यात जड जातं. मूळ ग्रीक शब्द हिशेब मांडण्याचा आहे, आणि माझी वही मला तोंडपाठ! घरात, कामावर तुम्हाला हे कितपत जमलं? फसलेलंही लिहा.

*

चौदा वर्षं सासूबाईंनी माझ्या हातचं काही गोड मानून घेतलं नाही. त्यांचा खुबा मोडला आणि पायाची नखं कापायचं काम माझ्याकडे आलं. नखं इतकी जाड की नेलकटरमध्ये मावेनात. कोमट पाण्यात पाय भिजवायचे, पुसायचे, मग थोडं थोडं कापायचं. येशूने त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले हे आठवत होतं, पण भक्तिभाव वगैरे काही नव्हता. कंबर दुखत होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, "करंगळी जपून गं." बस, एवढंच. माफी नाही की काही नाही. त्या रात्री त्यांच्यावरचा राग मला शोधावा लागला. सापडला, पण शोधावा लागला.

*

मी जरा वेगळं लिहिते. 'सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर' हे येशूचं वाक्य मला मार खाल्ल्यावर ऐकवलं गेलं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या त्याच 18व्या अध्यायात, काही ओळी आधी, अपराध करणाऱ्याला त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर साक्षीदार घेऊन जा, मग मंडळीला सांग, असंही आहे. ते कुणी वाचून दाखवलं नाही. आता वेगळी राहते. त्याचं वाईट चिंतत नाही, इतपत जमतं. कुलूप मात्र बदललंय.

*

धाकट्या भावाला तिसऱ्यांदा पैसे द्यायला नकार दिला. दारूत जात होते. व्यसनमुक्तीच्या बैठकीला मात्र दर गुरुवारी सोबत जातो आणि बाहेर बाकावर बसतो. येशूच्या 'एक कोस नेलं तर दोन कोस जा' मधला दुसरा कोस मला हाच वाटतो. मध्यंतरी तो पुन्हा प्यायला. बाक तोच आहे.

*

फसलेलंही चालेल म्हणालात म्हणून. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं येशू म्हणतो, म्हणून बायकोला न सांगता रोज रात्री ओटा आवरायला लागलो. पाचव्या दिवशी राहवेना. विचारलं, "काही फरक दिसतोय का?" तिने ओट्याकडे पाहिलं. म्हणाली, "मला वाटलं, मीच आवरून झोपते."