प्रवासात नेण्याजोगी आणि परवडणारी दुर्बीण कोणती घ्यावी?

शेकाट्या, इंदूर

नमस्कार. आम्ही उभयता साठी ओलांडलेले असून दोघांनाही चष्मा आहे. हिवाळ्यात सिरपूर तलावावर आणि यशवंत सागरावर पक्षी पाहायला जाण्याचा आमचा परिपाठ आहे. तेवढ्यासाठी शेजाऱ्यांची १०×५० (म्हणजे दहापट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ५० मिलिमीटर व्यासाचे) दुर्बीण मागून नेतो. ती गाडीत ठेवून तलावापर्यंत नेण्यापुरती ठीक आहे, पण दोन तास गळ्यात अडकवली की मान भरून येते. या डिसेंबरात भरतपूरला आणि त्यानंतर मार्चमध्ये कुमाऊंत सातताल-पंगोटकडे जाण्याचा बेत आहे. प्रवास रेल्वेचा, पुढे पायी चालणे, त्यामुळे सामान जितके कमी तितके बरे.

दहा-बारा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानदार दहापट किंवा झूम असलेली दुर्बीण घ्या म्हणतो, तर दुसरीकडे खिशात मावणाऱ्या छोट्या दुर्बिणीही दिसतात. आमच्यासारख्यांनी नेमके काय पाहून निवड करावी?

माळवी निरीक्षक

झूमचा विचार मनातून काढून टाकावा. या किमतीत झूम दुर्बिणीतून दिसणारे क्षेत्र फार अरुंद असते, आणि पट वाढवली की चित्र अंधूक होते. रस्त्यावर ‘३०×६०’ असे छापून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणींचीही तीच गत. त्यांवरचे आकडे बहुधा खरे नसतात.

आठपट की दहापट, याचे माझे उत्तर निःसंशय आठपट असे आहे. पट वाढते तशी हाताची थरथरही तेवढ्याच पटीने मोठी होऊन दिसते. भरतपूरला आपण रिक्षातून फिराल, आणि त्या हलत्या बैठकीवरून दहापटीत पर्णवटवट्यासारखा चुळबुळ्या पक्षी धरून ठेवणे कठीण जाते. शिवाय आठपटीत सहसा आजूबाजूचे क्षेत्र जास्त दिसते, म्हणून फांदीवरचा पक्षी लवकर सापडतो.

आता भिंगाचा आकार. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते, ८×३२ मध्ये चार आणि ८×२५ मध्ये साधारण तीन. दिवसाउजेडी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे भर दुपारी या तिन्हींत उजेडाचा फरक जाणवत नाही. तो जाणवतो पहाटे आणि सांजवेळी. परंतु वयानुसार बाहुली अंधारात पूर्वीइतकी रुंदावत नाही. म्हणूनच साठीनंतर ४२ मिलिमीटरच्या भिंगाचा सगळा फायदा बहुतेकांना मिळत नाही, वजन मात्र पूर्ण उचलावे लागते. ८×४२ साधारण सहाशे ते साडेसातशे ग्रॅम भरते, तर ८×३२ अर्धा किलोच्या आसपास. आपल्यासाठी मी ८×३२ सुचवीन.

हळद्या

वरील उत्तराशी सहमत आहे, पण चष्मा असणाऱ्यांनी सर्वांत आधी पाहावी अशी गोष्ट त्यात आलेली नाही, ती म्हणजे आय रिलीफ. डोळा भिंगापासून किती अंतरावर असतानाही पूर्ण वर्तुळ दिसते, ते अंतर म्हणजे आय रिलीफ. चष्म्यासह पाहणाऱ्याला ते किमान १५ मिलिमीटर हवे. त्याहून कमी असेल तर चित्राची कड कापली जाते आणि जणू नळीतून पाहिल्यासारखे वाटते. निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ दुर्बीण या किमतीत लोकप्रिय आहे आणि चित्रही छान देते, पण तिचे आय रिलीफ १२ मिलिमीटरच्या आसपास असल्याने आपणा दोघांसाठी ती योग्य नाही; वजनही साडेसातशे ग्रॅमच्या घरात आहे. सेलेस्ट्रॉनच्या नेचर डीएक्स मालिकेतील ८×३२ मध्ये मात्र ते १७ मिलिमीटरच्या वर मिळते. किमती सतत बदलतात, त्या घेण्याच्या दिवशीच पाहाव्यात.

चिखल्या

छोट्या ८×२५ ला अगदीच मोडीत काढू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. ती तीनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि कोटाच्या खिशात मावते, त्यामुळे मुख्यतः देवदर्शनासाठी किंवा नातेवाइकांकडे निघालेल्या माणसाला तीच सोबत नेता येते. मात्र तिच्यात डोळा अगदी नेमक्या जागी धरावा लागतो, जरा हलला की काळोख. दोन-दोन तास तलावाकाठी बसून तुतवार आणि चिखले यांसारखे पाणपक्षी वेगळे ओळखायचे असतील तर डोळे शिणतात. ज्याचा प्रवासच पक्ष्यांसाठी आहे, त्याने ८×३२ च घ्यावी.

शेकाट्या, इंदूर

मनःपूर्वक आभार. आता ८×३२ चे नक्की झाले. दुकानात हातात घेतल्यावर काय तपासावे, हेही कृपया सांगावे.

माळवी निरीक्षक

पाहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रथम डोळ्याकडच्या रबरी कडा खाली करून चष्म्यासह पाहावे; पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. हे आपण दोघांनीही स्वतंत्रपणे करावे, कारण एकाचा चष्मा डोळ्याला चिकटून असतो तर दुसऱ्याचा नाकावर खाली उतरलेला. मग उजवा डोळा मिटून मधल्या चक्राने डाव्या डोळ्यापुरते चित्र स्पष्ट करावे, आणि त्यानंतर डावा मिटून उजव्या नळीवरचे कडे फिरवून उजव्याचे. एवढे केल्यावर समोरच्या विजेच्या तारेकडे पाहावे. तार दुहेरी दिसली किंवा काही मिनिटांतच कपाळ दुखू लागले तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत असे समजून ती दुर्बीण परत द्यावी.

नंतर दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखावी. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसेल. तो गोल असावा. त्याच्या कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या दिसत असतील तर आतला प्रिझम हलक्या प्रतीच्या काचेचा आहे. प्रिझमसाठी बीएके-४ ही चांगल्या प्रतीची काच आणि भिंगांच्या सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप, हे दोन उल्लेख माहितीपत्रकात असावेत. कुमाऊंसाठी नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीण असल्यास उत्तम, म्हणजे थंडीतून उबदार खोलीत शिरताना तिच्या भिंगांना आतून वाफ धरणार नाही.

हळद्या

पावसाळ्याचे तेवढे लक्षात ठेवावे. कापडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च कधी कधी नव्या दुर्बिणीइतका होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. भिंग पुसण्याआधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी आणि मगच मायक्रोफायबर कापड लावावे. धूळ असताना रुमाल फिरवला की लेपावर ओरखडे उठतात.