आईच्या नावाने मुलींच्या शिक्षणाला पैसे द्यायचेत, कुठे द्यावेत?

मीनल_मिरज:
येत्या श्रावणात आईला जाऊन वर्ष होईल. तिची शाळा चौथीत सुटली. धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या खिडकीपाशी उभी राहायची म्हणे. आम्ही तिघी बहिणींनी मिळून 60,000 रुपये बाजूला काढलेत. ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेला 2025चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हापासून ते नाव डोक्यात आहे. ते नेमकं करतात काय?

धागेदोरे:
मी इचलकरंजीचा, पण मागापायी पाच वर्षं राजस्थानातल्या भीलवाड्यात काढली. हे लोक शाळा काढत नाहीत. गावातल्याच शिकलेल्या पोरापोरींना ‘टीम बालिका’ म्हणून तयार करतात. ते घरोघर फिरून शाळेबाहेरच्या मुली शोधतात आणि सरकारी शाळेत घालतात.

आमच्या फिटरच्या घरी बसलो होतो, तेव्हा अशीच एक विशीतली पोरगी वही घेऊन आली. फिटरची बायको मक्याची कणसं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, शेळ्या कोण राखणार? पोरगी काही बोलली नाही, शेजारी बसून कणसं सोलायला लागली. त्या दिवशी शाळेचा विषयच निघाला नाही! पाचव्या खेपेला तोड निघाली: शेळ्या शेजारची म्हातारी राखणार, बदल्यात तिला एक वेळचं दूध. मग शाळेत जन्मदाखल्यावरून अडलं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यातलं कलम पोरीला पाठ होतं, हेडमास्तरांना नव्हतं.

केव्हाचाकावळा:
पटावर नाव चढलं म्हणजे पोरगी शिकली का? आकडे फुगवणारे काय कमी पाहिलेत.

धागेदोरे:
शंका रास्त आहे. भीलवाडा जिल्ह्यातच 2015 ते 2018 हेच मोजून पाहिलं. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने (एका स्विस बँकेची देणगी संस्था) आधी पैसे घातले, निकाल दिसला तरच दुसऱ्या फाउंडेशनने ते परत द्यायचे. मोजणारे तिसरेच. त्यात 80 टक्के पैसे मुलं काय शिकली यावर, पटावर फक्त 20. दुसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचं उद्दिष्ट जेमतेम निम्मं झालं होतं. मग पद्धत बदलली, गैरहजर मुलांच्या घरी जाऊ लागले. शेवटी शिकण्यात उद्दिष्टाच्या 160 टक्के, प्रवेशात 116.

केव्हाचाकावळा:
बरं. पावती मात्र घ्या.

मीनल_मिरज:
आणि ज्यांचं शाळेचं वय उलटून गेलंय त्यांचं काय?

धागेदोरे:
शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी हात झटकतो. त्यापुढच्यांसाठी त्यांचा ‘प्रगती’ कार्यक्रम आहे. 15 ते 29 वयाच्या मुली-बायका, ओपन स्कूलमधून, म्हणजे रोज शाळेत न जाता, दहावी. लेकरं घेऊन अभ्यासाला बसतात.

मीनल_मिरज:
मग तिथंच देऊ. थोरली म्हणते, पावती आईच्या माहेरच्या नावाने करायची. चौथीच्या दाखल्यावर तेच नाव आहे.